मोबाइलची कंपनी गावाने निवडावी

घरात नवे सिमकार्ड घ्यायचे झाले, किंवा चालू कंपनीला कंटाळून नंबर पोर्ट करण्याचा विचार निघाला, म्हणजे कुटुंबात जी चर्चा होते तिचे स्वरूप बहुधा खासगी आणि काहीसे फुटकळ असते. थोरला मुलगा कोणाचे नेट वेगाने चालते ते सांगतो, सून कोणाचा रिचार्ज स्वस्त पडतो ते सांगते, आजोबांना मात्र एवढेच हवे असते की पुण्याहून लेकीचा फोन आला तर तो मध्येच तुटू नये. आणि अखेरीस शेजाऱ्यांनी जे घेतले तेच आपणही घ्यावे, या निष्कर्षावर प्रकरण मिटते. असल्या चर्चेला क्षुल्लक मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, पण तो मला मान्य नाही. ज्या क्रमांकावर आज बँकेचा ओटीपी येतो, आधारची पडताळणी होते, पीकविम्याचा संदेश येतो, गॅस सिलिंडरची नोंदणी होते आणि अपरात्री रुग्णवाहिकेसाठी ज्यावरून १०८ फिरवावा लागतो, तो क्रमांक कोणाच्या हवाली करायचा हा प्रश्न आता केवळ चैनीचा किंवा हौसेचा राहिलेला नसून नागरी जीवनाच्या मुळाशी जाऊन भिडलेला आहे. असा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या अपुऱ्या माहितीच्या आधारे, एकट्याने सोडवीत बसण्यापेक्षा तो गावाने, आळीने, सोसायटीने एकत्र बसून सोडवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडीचा हा अधिकार आपल्या पदरात आयता पडलेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी अजून आपल्यात आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि या देशात मोबाइलयुगाचा आरंभ झाला. परंतु त्या काळी बोलणाऱ्याला मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आकार पडे आणि ज्याला फोन येई त्यालाही पैसे मोजावे लागत, त्यामुळे हे यंत्र मोजक्या धनिकांच्या खिशातच राहिले. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले; १९९९ च्या नव्या धोरणाने कंपन्यांकडून परवान्याची ठरीव रक्कम घेण्याऐवजी उत्पन्नातला हिस्सा घेण्याची पद्धत आणली; आणि मे २००३ पासून इनकमिंग मोफत झाले, तेव्हा कुठे रिक्षावाला, भाजीवाली आणि शेतमजूर यांच्या हाती फोन आला. तरीही एक बेडी पायात राहिलीच होती, ती ही की, कंपनी बदलायची तर नंबरही सोडावा लागे, आणि दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, गिऱ्हाइकांच्या वहीत उतरलेला, सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडी बसलेला नंबर सोडणे म्हणजे आपली अर्धी ओळख सोडणेच होते. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली, तेव्हा ती बेडी तुटली. प्रारंभी ही मुभा आपल्या दूरसंचार परिमंडळापुरती, म्हणजे सर्कलपुरती, मर्यादित होती. ३ जुलै २०१५ पासून ती परिमंडळाच्या सीमा ओलांडून गेली आणि नागपूरचा माणूस नोकरीसाठी हैदराबादला गेला तरी आपला जुना नंबर तिथल्या कंपनीकडे नेऊ शकला.

अधिकार असा विस्तारत गेला खरा, पण ज्यांच्यामधून निवड करायची त्यांची संख्या मात्र त्याच काळात आक्रसत गेली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे १२२ परवाने रद्द केले. मुंबईत ज्या कंपनीने बीपीएल या नावाने अगदी आरंभापासून सेवा दिली होती ती लूप मोबाइल २०१४ च्या नोव्हेंबरात बंद पडली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने बाजारात प्रवेश करून आरंभीचे काही महिने सारे काही फुकट देऊ केले, आणि त्या लाटेत एकामागून एक कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला, व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एक झाल्या. आज खासगी कंपन्या तीन आणि सरकारी बीएसएनएल ही चौथी, एवढाच पट उरला आहे. त्यांतही व्होडाफोन-आयडिया या तिसऱ्या खासगी कंपनीवर सरकारी देण्याचा डोंगर एवढा की त्या देण्याच्या बदल्यात सरकारने तिचे भागभांडवल घेतले, आणि २०२५ साली सरकारचा तिच्यातला हिस्सा ४९ टक्क्यांच्या घरात गेला. म्हणजे खरी चुरस उरली आहे ती दोघांत. आणि जेथे चुरस दोघांत असते, तेथे गिऱ्हाइकाचा रुसवा दोघांनाही फारसा जाणवत नाही.

याचा पडताळा दरांत मिळतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. रोज दीड जीबीचा ८४ दिवसांचा रिचार्ज एअरटेलकडे ७१९ रुपयांवरून ८५९ वर गेला, आणि व्होडाफोन-आयडियाकडेही ७१९ वरून ८५९ वरच गेला. जिओकडे तो ६६६ वरून ७९९ झाला. दोन निरनिराळ्या कंपन्यांचा भाव वाढीपूर्वी जसा एकच होता तसा वाढीनंतरही एकच राहावा, यात बेकायदा काही नसेल, पण भावाच्या जोरावर निवड करणाऱ्या ग्राहकाला त्यातून निवडायला काय उरते, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्याला खचितच आहे. त्यात भर मुदतीच्या हिशेबाची. तालुक्याच्या गावी रिचार्जच्या टपरीवर पाचदहा मिनिटे उभे राहिले, तर हातरुमालात गुंडाळलेले पैसे सोडवीत उभी असलेली एखादी म्हातारी दिसते, टपरीवाला तिला विचारतो, “काकू, अठ्ठावीस मारू का चौऱ्याऐंशी?” आणि ती म्हणते, “बाबा, महिन्याचं मार.” अठ्ठावीस दिवसांचा महिना तिच्या हिशेबात कुठेच नसतो. पण त्या मुदतीने वर्षाला बारांऐवजी तेरा रिचार्ज मारावे लागतात आणि तेराव्याचे पैसे तिच्याच गाठीतून जातात. २०२२ साली ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा निदान एक आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नव्याने मारता येईल असा निदान एक रिचार्ज ठेवायला लावले. डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना नेट नकोच आहे त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि एसएमएस यांचाच रिचार्ज ठेवणे सक्तीचे केले आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. हे रिचार्ज आजही आहेत, पण ते आहेत हे त्या म्हातारीला सांगणार कोण? कंपनीला ते सांगण्यात लाभ नाही, टपरीवाल्याला सवड नाही, आणि एकटे कुटुंब ते शोधून काढू शकत नाही.

दर जवळजवळ सारखे झाल्यावर कंपन्यांमधला जो भेद उरतो तो जागेचा. मोबाइलची सेवा देशभर एकच आहे असा भास जाहिराती निर्माण करतात, पण वस्तुतः आपण जिच्याशी करार करतो ती कंपनी आपल्यापुरती आपल्या घराजवळच्या एका टॉवरएवढीच असते. गावातल्या कोणत्या विहिरीचे पाणी गोड हे जसे जिल्ह्याच्या नकाशावरून कळत नाही, ते पिऊनच पाहावे लागते, तसेच हे आहे. यामागे शास्त्रीय कारण आहे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यातल्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३५०० च्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी पुष्कळ माहिती वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला तोकडा असतो आणि सिमेंट-काँक्रीटपुढे त्या हतबल होतात. म्हणून गच्चीवर पूर्ण रेंज दाखवणारा फोन खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मुका होतो. कोकणातल्या वाड्या पाण्याच्या आश्रयाने खोलगट जागी वसलेल्या असल्यामुळे तिथली माणसे संध्याकाळी फोन घेऊन सड्यावर चढतात. तिथल्या कोणत्या कातळावर उभे राहिले असता मुंबईच्या चाकरमान्याशी न तुटता बोलता येते, हे पोराटोरांनाही ठाऊक असते, आणि त्या कातळापासून दहा पावले बाजूला गेले की आवाज गेलाच म्हणून समजावे. हे ज्ञान फार मोलाचे आहे, आणि ते कोणत्याही एका माणसाचे नाही, सबंध वाडीचे आहे. माझ्या म्हणण्याचा उगम याच गोष्टीत आहे.

कंपनी निवडण्यासाठी लागणारी खरी माहिती गावातच विखुरलेली असते. ती फक्त एका ठिकाणी आणायची आहे. पन्नास घरांच्या वाडीत बहुधा चारही कंपन्यांची सिमे असतात. पंधरा दिवस ठरवून, प्रत्येक आळीतल्या एकेकाने, एका साध्या वहीत, सकाळी, दुपारी आणि रात्री आठ ते दहाच्या गर्दीच्या वेळी कोणत्या कंपनीचा फोन घरात लागतो, कोणता फक्त अंगणात लागतो, शेतावर कोण चालतो, शाळेत कोण चालतो, याची नोंद करावी. सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र वीज गेल्यानंतरची, कारण टॉवरलाही वीज लागते, आणि लाइट गेल्यावर कोणाचा टॉवर बॅटरीवर किंवा डिझेलवर तासभर तग धरतो आणि कोणाचा तत्काळ डोळे मिटतो, ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कितीएक गावांची वीज गेली, तिच्यामागोमाग फोन गेले आणि मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला फार वेळ लागला. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ही नोंद का ठेवायची हे समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सारे गाव एका कंपनीकडे गेले तर तिचाच मक्ता होऊन बसेल, आणि तिचा टॉवर पडला तर सारे गाव एकदम मुके होईल, असे कोणी म्हणेल. म्हणूनच मी म्हणतो ती सामुदायिक निवड म्हणजे सरसकट एकाच कंपनीला कौल देणे नव्हे. गावाने पाहणीनंतर पहिली कोण आणि दुसरी कोण हे ठरवावे. घरात दोन फोन असतील किंवा एका फोनमध्ये दोन सिमे असतील तर ती दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत. सरपंच, आशा सेविका, पोलीस पाटील आणि शाळेचे मुख्याध्यापक यांच्या हाती तरी दोन कंपन्यांचे फोन असलेच पाहिजेत. निवड गावाची असली म्हणजे ती एकाच दिशेने धावलीच पाहिजे असे नाही. ती जाणून-समजून केलेली असली म्हणजे पुरे.

प्रत्यक्ष पोर्ट करण्याची रीत आता पुष्कळ सोपी झाली आहे. मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘PORT’ लिहून, एक जागा सोडून, आपला दहा आकडी नंबर घालून १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवावा. अटी पूर्ण होत असतील तर पोर्टिंगचा कोड येतो, आणि तो आपल्याकडे चार दिवस चालतो. त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानी ओळखपत्र घेऊन गेले की परिमंडळातल्या परिमंडळात कामकाजाच्या तीन दिवसांत बदल व्हायला हवा. चालू कंपनीकडे ९० दिवस झालेले असले पाहिजेत. बिल भरणाऱ्या ग्राहकाची थकबाकी राहिलेली असता कामा नये. आणि सिम हरवून दुसरे घेतले असेल तर २०२४ च्या जुलैपासून सात दिवस थांबावे लागते, कारण दुसऱ्याच्या नावे सिम काढून त्याचे बँकखाते लुटणाऱ्या भामट्यांना त्यामुळे पायबंद बसतो. जुन्या कंपनीकडे उरलेली शिल्लक आणि मुदत मात्र नव्या कंपनीकडे येत नाही, म्हणून रिचार्ज संपत आला असतानाच ही तजवीज करावी. कोड मागवताच जुन्या कंपनीकडून सवलतीचा फोन आला तर त्या सवलतीची मुदत किती आणि ती संपल्यावर दर काय, हे दोनच प्रश्न विचारावेत. देशभरात महिन्याला एक कोटीहून अधिक माणसे असा अर्ज करतात, हा आकडा मोठा आहे. परंतु हे एक कोटी अर्ज एक कोटी वेगळ्या रागांतून आलेले असतात, आणि रागाने गेलेले एक गिऱ्हाईक कंपनीच्या दप्तरी केवळ एका ओळीने कमी होते. एकाच टॉवरखालची दोनशे घरे जेव्हा लेखी कारण देऊन एकाच आठवड्यात निघतात, तेव्हा मात्र कंपनीच्या जिल्हा कचेरीतला अधिकारी त्या गावाचे नाव विचारतो.

दाद मागण्याच्या मार्गाचेही असेच आहे. एकट्या माणसाची तक्रार ट्राय स्वतः ऐकत नाही. ती प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे न्यावी लागते, आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यावा असा दंडक आहे. तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, आणि दिवसाला कमाल तीन रुपये, भरपाई द्यावी असा नियम ट्रायने केला होता; सर्वोच्च न्यायालयाने तो मे २०१६ मध्ये मनमानी ठरवून रद्द केला. उलट, ग्राहक न्यायालयाचे दार मोबाइलच्या ग्राहकाला बंद नाही, हे त्याच न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निवाड्याने निःसंदिग्ध केले, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पण तीन-चारशे रुपयांच्या रिचार्जसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणारा माणूस विरळाच. ही फिर्याद गावाच्या नोंदवहीसह आणि शंभर सह्यांनिशी गेली, तर तिचे वजन निराळेच असेल.

आणि महाराष्ट्राला तरी ही कल्पना परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. टंचाईच्या त्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबांचे छोटे छोटे गट एकत्र आले, त्यांनी आपल्या गरजांची यादी मिळून केली, माल मिळून घेतला आणि मिळून वाटून घेतला. एकट्याने वाण्याच्या दुकानी जाणाऱ्या माणसाला जो भाव आणि जो दर्जा कधी मिळाला नसता, तो त्या गटांना मिळाला, आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, ग्राहक म्हणून आपल्याला काही शक्ती आहे याची जाणीव त्या घरांतल्या स्त्रियांना झाली. तेल, साखर आणि तांदूळ यांसाठी जे जमले ते रेंजसाठी जमू नये असे काय आहे? उलट येथे तर गोदाम नको, हातगाडी नको, भांडवल नको. एक वही, पंधरा दिवस आणि ग्रामसभेतला अर्धा तास पुरे.

सरकारकडून मात्र चार गोष्टी आग्रहाने मागितल्या पाहिजेत. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी कंपन्यांना आपापल्या सेवेच्या व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करणे भाग पाडले आहे, ही उत्तम गोष्ट आहे. पण जो नकाशा सारा तालुका एका रंगात रंगवतो तो सह्याद्रीच्या दऱ्यांत किंवा मेळघाटात निरुपयोगी आहे, म्हणून तो वाडी-वस्तीनिहाय असावा आणि ग्रामपंचायतीला त्यावर हरकत नोंदवता यावी. दुसरे, केवळ बोलण्याचा रिचार्ज आणि तीस दिवसांचा रिचार्ज यांची पाटी मराठीत प्रत्येक टपरीवर ठळक लावण्याची सक्ती असावी. तिसरे, सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवरून एकाहून अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना बोलता यावे अशी योजना जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली आहे, आणि वादळाच्या प्रसंगी असा आदेश सर्व टॉवरांसाठी काढला जातो. डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांत हीच व्यवस्था बारमाही का असू नये, याचा विचार व्हावा. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बीएसएनएल जगली पाहिजे. २०१९ पासून तिच्यासाठी एकामागून एक कोट्यवधींच्या योजना जाहीर झाल्या, तरीही देशी बनावटीचे फोर-जी तिच्याकडे देशपातळीवर सुरू व्हायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. हा विलंब ज्यांनी होऊ दिला त्यांनी ग्राहकाच्या निवडीचेच नुकसान केले. भामरागडसारख्या ठिकाणी जेथे नफा नाही तेथे खासगी कंपनी आपण होऊन जाणार नाही, आणि जेथे नफा आहे तेथेही चौथा स्पर्धक जिवंत असल्याखेरीज बाकीच्यांचे भाव आवरणार नाहीत.

नागरिकांचीही एक जबाबदारी आहे. आपल्या गच्चीवर टॉवर नको म्हणून ठराव करायचा आणि त्याच सभेत रेंज येत नाही म्हणून तक्रार करायची, हे शहरांतल्या सोसायट्यांनी थांबवले पाहिजे. भारतातली लहरींच्या तीव्रतेची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक आहे. ती पाळली जाते की नाही याची मोजणी मागण्याचा हक्क अवश्य बजावावा, पण निराधार भयापोटी साऱ्या आळीची सेवा अडवू नये.

मोबाइल क्रमांकाच्या रूपाने आज प्रत्येकाच्या हातात एक छोटासा मताधिकार आहे, आणि तो पाच वर्षांनी नव्हे तर दर तीन महिन्यांनी बजावता येतो. एकट्याने बजावला तर त्याने फार तर आपली गैरसोय काही काळ टळते. मिळून बजावला तर टॉवरवर नवी बॅटरी येते, दरी उजळते, आणि पुढल्या पावसाळ्यात लाइट गेल्यावरही १०८ लागतो. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पाणी आणि रस्ता यांच्याखाली रेंज हा तिसरा विषय घालावा, आणि सोसायट्यांनी आपल्या वार्षिक सभेत तेच करावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.